अंडी फोडणारी मार्लिस

मार्लिस कांगसला कुणी विचारलं, की बाई, तुम्ही तरुणपणी काय करत होता, तर ती म्हणायची, "अंडी फोडत होते." आणि ते खोटं नव्हतं. कॅन्ससच्या छावणीत तीन वर्षं रोज पहाटे चारला उठून तिनं सातशे जवानांच्या न्याहारीची अंडी फोडली होती. दोन्ही हातांनी, एका वेळी दोन, आणि टरफलाचा कण आत पडू न देता. अंगावर सैन्याचा गणवेश, पायात सैन्याचे बूट, पगार सैन्याचा, आणि सुट्टी हवी असली की सलाम ठोकून अर्ज द्यायचा. एवढं सगळं असूनही आपण सैनिक होतो, हे या बाईच्या डोक्यात काही शिरलं नाही. सैनिक म्हणजे तिचे एडविनकाका. ते कोरियात गेले आणि डावा हात तिथंच ठेवून परत आले. आपण कोण, तर आचारीण. तिच्या गावच्या, समुद्राएवढ्या सरोवराकाठच्या डुलुथच्या बायका अशाच असतात. गाडी बर्फात खिडकीपर्यंत रुतली तरी म्हणतील, "नाही हो, थोडीशी अडकलीय."

या नम्रपणापायी मार्लिसनं दोन हिवाळे मोटारीत काढले. नवऱ्याच्या, रेच्या, आजारपणात घर गेलं, मग रे गेला, आणि ती कामाला जायची ती बेकरीही त्याच वर्षी बंद पडली. चोपन्नाव्या वर्षी तिचा संसार एका जुन्या ब्युइक गाडीच्या मागच्या सीटवर आला. मदत केंद्रात ती तीनदा गेली. तिथल्या अर्जावर वरच्याच ओळीत प्रश्न छापलेला होता, "तुम्ही माजी सैनिक आहात का?" तीनही वेळा तिनं सांगितलं, "नाही. माझे काका होते." टेबलामागच्या माणसानं तीनही वेळा "नाही"वर खूण केली आणि तिला साध्या रांगेत पाठवलं. त्या रांगेत दीड वर्ष नंबर लागत नव्हता. माजी सैनिकांसाठीच्या इमारतीत तेव्हा दोन खोल्या रिकाम्या होत्या, आणि इमारत होती मार्लिस गाडी लावायची त्याच रस्त्यावर. आठवलं की आजही तिचं डोकं फिरतं. त्या माणसावर तिचा राग नाही, स्वतःवर आहे.

सुटका झाली ती एका विद्यार्थिनीमुळे, आणि तीही चुकून. नर्सिंग शिकणारी एक पोरगी मार्लिसच्या थंडीनं काळ्या पडलेल्या पायाच्या बोटाला पट्टी बांधत होती आणि बांधता बांधता होस्टेलच्या जेवणाला शिव्या घालत होती. म्हणाली, "आमची अंडी म्हणजे नुसतं रबर. सैन्यातसुद्धा यापेक्षा वाईट देत नसतील."

मार्लिस भडकली. "सैन्याच्या अंड्यांना नावं ठेवायचं काम नाही. तीन वर्षं मी केलीत ती."

पोरीनं पट्टी बांधून संपवली, नवा अर्ज आणला आणि त्यावर 'हो'वर स्वतःच खूण केली. पुढच्या पाच आठवड्यांत मार्लिसच्या हातात किल्ली होती, माजी सैनिकांच्या इमारतीतल्या एका खोलीची, आतून कडी लावता येणाऱ्या दाराची. पहिल्या रात्री तिनं ती कडी सात-आठ वेळा लावली आणि काढली.

याला नऊ वर्षं झाली. तेव्हापासून दर शरद ऋतूत कॉलेजातली पाच-सहा मुलं मार्लिसकडे शिकायला येतात. काही नर्सिंगची, काही समाजकार्याची. रस्त्यावर राहणाऱ्या माजी सैनिकांना काय काय मदत मिळू शकते, ती कुठं मिळते, कोणत्या दारावर जायचं आणि कोणत्या दारावर जाऊन उपयोग नाही, हे पुस्तकात असतं तसं नसतं, म्हणून कॉलेजनंच ही सोय केली. पगार नाही. मार्लिसनं मागितलाही नाही. तिला शिकवायला आवडतं, आणि खरं सांगायचं तर हुकूम सोडायला त्याहून आवडतं. छावणीच्या स्वयंपाकघरात तिला कुणी हुकूम सोडू दिला नव्हता. ती कसर ती आता भरून काढते.

यंदाच्या तुकडीत येर लोर नावाची एक ह्माँग जमातीची मुलगी होती. एकोणीस वर्षांची, बुटकी, आणि सारखे प्रश्न विचारणारी. ऑक्टोबरमधल्या मेळाव्याच्या आदल्या दिवशी मार्लिस मुलांना कामं समजावून देत होती. रस्त्यावरच्या माजी सैनिकांसाठीच्या या मेळाव्याला 'स्टँड डाउन' म्हणतात. लढाईतून मागं आणलेल्या तुकडीला सैन्यात जी विश्रांती देतात, तिचंच हे नाव. एका मोठ्या हॉलमध्ये दिवसभर सूप असतं, केस कापायला न्हावी असतो, दाताचा डॉक्टर असतो, गरम कपडे असतात, आणि भिंतीलगत सरकारी टेबलं.

"माणूस आला की आधी मोजे द्यायचे," मार्लिसनं बजावलं. "मग सूप. तो बसला, दोन घास पोटात गेले, की मग कागद काढायचा. आणि कागदावरचा वरचा प्रश्न विचारायचा नाही."

"पण तो तर छापलेलाच आहे," येर म्हणाली.

"सरकारनं छापलाय, सरकारला विचारू दे. तुम्ही विचारायचं, 'सैन्यात कधी नोकरी केली होती का?'"

"फरक काय झाला?"

"पहिल्या प्रश्नाला छाती पुढं काढावी लागते. दुसऱ्याला नुसतं आठवावं लागतं. आणि माणूस जे बोलेल ते समासात लिहून ठेवायचं. निरर्थक वाटलं तरी."

येरनं लिहून घेतलं आणि पेन गालाला लावून विचारलं, "तुम्ही सैन्यात नोकरी केलीत ना? मग तुम्हीही माजी सैनिकच की."

"मी अंडी फोडत होते."

"गणवेशात ना?"

"गणवेशात. म्हणून काय झालं?"

"गंमत वाटली. माझे आजोबा लाओसच्या डोंगरात या सरकारच्या बाजूनं लढले. सरकार म्हणतं, तुमची नोंद आमच्या सैन्यात नाही. आजोबा म्हणतात, मी माजी सैनिक आहे. रोज सकाळी तेव्हाची लष्करी टोपी घालून बसतात खिडकीत. तुमचं उलटंच. सरकार तुम्हाला माजी सैनिक म्हणतं आणि तुम्ही नाही म्हणताय."

बाकीची मुलं हसली. मार्लिस म्हणाली, "मोजे लाव जोडीनं, तोंड नंतर चालव." पण ते बोलणं तिला झोंबलं. नोव्हेंबरात माजी सैनिकांचा दिवस असतो, तेव्हा सभेत सगळ्यांना उभं राहायला सांगतात, आणि नेमकी त्याच वेळी मार्लिसला कॉफी बघायची असते. गेली नऊ वर्षं तिची कॉफी त्याच मिनिटाला उकळत होती.

मेळाव्याच्या दिवशी सकाळपासून सरोवरावरून बोचरं वारं सुटलं होतं. दीडशेवर माणसं आली. येर कामाला वाघ निघाली. चोवीस कागद तिनं भरले आणि एकही माणूस तिच्या टेबलावरून चिडून उठला नाही. मार्लिस लांबून बघत होती आणि आतल्या आत खूश होती. तोंडानं मात्र तिनं एवढंच सांगितलं, की अक्षर जरा मोठं काढ.

त्या दिवशी एक गोष्ट मार्लिसच्या डोक्यात घोळत होती. माजी सैनिकांच्या इमारतीतली एक खोली रिकामी झाली होती. जिल्ह्याचा अधिकारी ड्वेन हॉलक्विस्ट भिंतीजवळच्या शेवटच्या टेबलावर बसला होता, आणि तीन वाजेपर्यंत त्याच्याकडे नाव गेलं नाही तर खोली शेजारच्या जिल्ह्याला जाणार होती. आलेल्या माणसांपैकी बहुतेकांना आधीच घरं मिळाली होती, नाहीतर ती सैन्यात कधी नव्हतीच. दोघांना मुलांकडे जायचं होतं. एकानं इमारत म्हणताच टेबल सोडलं, त्याला भिंती सोसत नाहीत. दोन वाजून गेले तरी नाव नव्हतं. दोन आठवड्यांत बर्फ पडणार, आणि एक गरम खोली डुलुथच्या हातून जाणार, या विचारानं मार्लिसला बसवेना.

म्हणून ती "नाही"चे कागद घेऊन बसली. येरचं बारीक अक्षर डोळ्यांजवळ धरून तिनं समास वाचायला घेतले. सातव्या कागदावर ती थांबली.

"ए पोरी, ही कोण? डार्ला सेवर्सन?"

"ती कुत्र्यावाली. अठ्ठावन्न वय. व्हॅनमध्ये राहते, सात महिने झाले. आई वारली, मग भावानं घर विकलं." येर जवळ आली. "तुम्ही सांगितलं तसंच विचारलं मी. सैन्यात नोकरी केली होती का. नाही म्हणाली."

"समासात काय लिहिलंस ते वाच."

येरनं वाचलं, "'नाही. गॅरी होता, माझा भाऊ. मी आपली सरोवरावर होते.'" मग म्हणाली, "मासेमारी असेल. नाहीतर बोटीवर तिकिटं."

"नाहीच्या पाठोपाठ एका पुरुषाचं नाव," मार्लिस म्हणाली. "मीही असंच सांगितलं होतं. तीनदा. गेली कुठं ती?"

"आत्ताच गेली. मोजे घेतले, सूप डब्यात घेतलं आणि गेली."

मार्लिसचा उजवा गुडघा आठ वर्षं कुरकुरत होता, पण त्या दिवशी त्याला विचारायला वेळ नव्हता. ती कोट न घालताच बाहेर पडली. येर मागोमाग कोट घेऊन धावली. गाड्यांच्या मैदानात अगदी टोकाला एक पांढरी गंजकी व्हॅन उभी होती. तिच्या पायरीवर बसून एक उंच, रापलेली बाई एका म्हाताऱ्या कुत्र्याला सुपातले मांसाचे तुकडे वेचून देत होती.

"डार्लाबाई," मार्लिस धापा टाकत म्हणाली, "सरोवरावर काय करत होतात तुम्ही?"

बाईनं वर बघितलं. "का? काही हरवलंय का तिथं?"

"नाही. उगाच चौकशी."

"बोये साफ करत होते. आठ वर्षं. ते मोठे लोखंडी बोये असतात ना, पाण्यावर तरंगणारे, जहाजांना वाट दाखवणारे? त्यांच्यावर पक्षी बसतात. पक्षी बसल्यावर काय करतात ते तुम्हाला ठाऊक आहे. ते मी खरवडायचे. हिवाळ्याआधी बाहेर काढायचे, बर्फ वितळला की परत टाकायचे."

"कुणाच्या बोटीवर?"

"तटरक्षक दलाच्या. आणखी कुणाच्या असणार?"

येरच्या तोंडून "अगंबाई" निघून गेलं. मार्लिसनं तिला कोपरानं गप्प केलं.

"मग या पोरीनं विचारलं तेव्हा नाही का म्हणालात?"

"तिनं सैन्य विचारलं. तटरक्षक दल म्हणजे काय सैन्य? गॅरी आणि त्याचे दोस्त मला चिडवायचे, आली बघा पाणकोंबड्यांची पलटण. युद्धात गॅरी लढला. मी पक्ष्यांची घाण काढली."

मार्लिसनं कपाळाला हात लावला. नऊ वर्षं ती मोठ्या रुबाबात पोरांना शिकवत होती, की हा प्रश्न विचारा, तो विचारू नका. आणि ज्या गावात तटरक्षकांची बोट रोज डोळ्यांसमोर उभी असते, त्याच गावात तिचा शहाणा प्रश्न या बाईवरून सरळ घसरून गेला होता. किती जणी अशा घसरल्या असतील, देव जाणे. तिला स्वतःचीच लाज वाटली, पण लाज वाटून घ्यायला पाऊण तासच उरला होता.

"तटरक्षक दल सैन्यातच धरतात, बाई. कायद्यानं. आठ वर्षं पूर्ण नोकरी म्हणजे तुम्ही माजी सैनिक आहात, आणि आत एक खोली रिकामी आहे. तीन वाजेपर्यंत नाव द्यायचंय. चला."

डार्ला हलली नाही. डब्याचं झाकण लावलं, मग म्हणाली, "ती खोली मला नको."

"का?"

"ती लढून आलेल्या कुणाची तरी आहे. पाय गेलेला एखादा येईल आणि तिथं मी बसलेली असेन, कुत्रं घेऊन. तसलं मला जमायचं नाही."

हे वाक्य मार्लिसला पाठ होतं. ती ते स्वतःशी किती रात्री बोलली होती. तिला त्या बाईची दयाही आली आणि तिचे खांदे धरून गदागदा हलवावंसंही वाटलं.

"ऐका, सकाळी आठपासून मी त्या दारात उभी आहे," ती म्हणाली. "पाय गेलेला कुणी आला नाही. आला असता तर मीच त्याला उचलून नेलं असतं. आलात त्या तुम्ही. तुम्ही नाही म्हणालात तर खोली दुसऱ्या जिल्ह्याला जाईल. पाय गेलेल्याला मिळणार नाही, हात गेलेल्याला मिळणार नाही, आणि तुम्ही नोव्हेंबरात या पत्र्याच्या डब्यात गोठाल. कुत्रंही गोठेल."

"स्वेनला मध्ये आणू नका."

"आणणार. त्याच्या तंगड्या बघा, आत्ताच लटपटतायत."

डार्लानं कुत्र्याकडे बघितलं. मग तिनं मार्लिसला नखशिखांत न्याहाळलं. "तुम्ही का एवढ्या मागं लागलाय? तुम्ही कोण? सरकारी?"

"मी आचारीण होते. छावणीत. अंडी फोडायचे."

"म्हणजे सैन्यात."

"स्वयंपाकघरात."

"सैन्याच्याच ना? मग तुम्ही माजी सैनिक."

मार्लिसनं तोंड उघडलं आणि मिटलं. येर कोट हातात धरून तिच्याकडे टक लावून बघत होती. पोरीला हसू आवरत नव्हतं, पण ती गप्प राहिली हे तिचं मोठेपण.

"बघा," डार्ला म्हणाली, "तुमच्याही तोंडून निघत नाही. आणि मला शिकवायला आलात." तिच्या बोलण्यात राग नव्हता, उलट तिला मजा वाटू लागली होती. "एक करू. तुम्ही त्या टेबलावर जाऊन सगळ्यांदेखत म्हणा. तुम्ही म्हणालात तर मीही म्हणेन. नाही म्हणालात तर मी निघाले."

एक शब्द तर होता. पण तो उच्चारायचा म्हणजे एडविनकाकांच्या रिकाम्या बाहीशेजारी आपलं अंड्यांचं पातेलं नेऊन ठेवायचं, असं तिला जन्मभर वाटत आलं होतं. खोली घेताना अर्जावर दुसऱ्यानं खूण केली, हिनं फक्त सही ठोकली. आता मात्र सही पुरणार नव्हती, आणि पलीकडे एक बाई आपला सगळा हिवाळा तिच्या जिभेवर टाकून मोकळी झाली होती.

"चल," मार्लिस म्हणाली. अहो-जाहो तिथंच संपलं. "कुत्र्यालाही घे."

स्वेनला घेऊन तिघी हॉलमध्ये शिरल्या तेव्हा तीनला वीस मिनिटं कमी होती. ड्वेन फायली पेटीत भरायला लागला होता. टेबलाभोवती आठ-दहा माणसं कॉफी पीत उभी होती. त्यातल्या एकाच्या पायाच्या जागी लोखंडी दांडा होता. गेल्याच वर्षी घर मिळालेला, आज नुसता गप्पा मारायला आलेला. डार्लाला तो दिसला आणि तिची पावलं अडखळली. मार्लिसलाही दिसला. कॉफी उकळत असेल, असा एक विचार तिच्या मनात येऊन गेला.

"ड्वेन," ती म्हणाली. आवाज ठरवल्यापेक्षा मोठा निघाला आणि माणसं वळून बघायला लागली. "मी माजी सैनिक आहे. तीन वर्षं. न्याहारी विभाग."

ड्वेन चष्म्यावरून बघत राहिला. "मार्लिस, तुझा अर्ज मीच पास केला होता. नऊ वर्षांपूर्वी. तुझी तब्येत बरी आहे ना?"

"बरी आहे. सांगायचं राहिलं होतं म्हणून सांगितलं."

लोखंडी पायाचा माणूस जवळ आला. तो म्हणाला, "न्याहारी? कुठली छावणी?" तिनं छावणी सांगितली आणि सालंही. "मी तिथं सहा महिने होतो, पण नंतर, ब्याऐंशीला. तोवर तुम्ही गेला असणार." तो हळहळला. "आमच्या वेळी टरफलं असायची अंड्यांत."

"माझ्या वेळी नसायची," मार्लिस म्हणाली, आणि तिला रडू फुटलं. ती रडत होती आणि हसतही होती, आणि येरनं तिच्या खांद्यावर कोट टाकला तो तिला कळलाही नाही.

ड्वेननं घड्याळ बघितलं. "आता खोलीसाठी कुणी आहे का, की मी निघू?"

डार्लानं स्वेनची दोरी दुसऱ्या हातात घेतली. "आहे. मी. डार्ला सेवर्सन, तटरक्षक दल, आठ वर्षं. माजी सैनिक." मग तिनं लोखंडी पायाच्या माणसाकडे बघून घाईघाईनं विचारलं, "तुमची काही हरकत?"

"माझी कसली? मला घर आहे," तो म्हणाला आणि खुर्ची ओढून तिच्यासाठी पुढं केली.

येर शेजारी बसून कागद नव्यानं भरायला लागली, या वेळी मोठ्या अक्षरात. नोकरीचे कागद व्हॅनमध्ये कुठंतरी होते, पण ड्वेन म्हणाला, नावावरून आणि जन्मतारखेवरून मशीनमध्ये सापडेल. सापडलं. हुद्दा, बोट, सगळं. पाच मिनिटांचं काम होतं. सात महिन्यांत ते कुणी केलं नव्हतं, कारण तिनं कुणाला करू दिलं नव्हतं.

"कुत्रं चालेल," ड्वेन वाचत म्हणाला. "तिसरा मजला. एक खोली, छोटं स्वयंपाकघर. आज संध्याकाळीच जाता येईल. खिडकी सरोवराकडे."

"सरोवराकडे?" डार्ला म्हणाली. "आठ वर्षं बघितलंय मी ते. रस्त्याकडची नाही का एखादी?"

"बाई, एकच खोली आहे."

"बरं," डार्ला म्हणाली. तिनं पेन घेतलं, सही करायला वाकली, आणि पुन्हा मान वर केली. "मग पडदे तरी आहेत का तिथं?"

"मी शिवते," मार्लिसनं डोळे पुसत सांगितलं. "रंग कोणता पाहिजे तो बोल."